एस्पोझितो आडनाव आणि एक विखारी फॉरवर्ड

भाचीचं लग्न इटलीतल्या नेपल्सच्या मुलाशी ठरलंय. त्याचं आडनाव एस्पोझितो. लगेच फॅमिली ग्रुपवर मेसेज येऊन पडला: ‘एस्पोझितो म्हणजे अनौरस संतती. इटलीत सर्वांत जास्त हेच आडनाव. हे सगळे एकाच कुळातले. टाकलेल्या मुलांना आजही हेच नाव देतात.’ तेव्हापासून माझ्या ताईच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘अनौरस’. आडनाव सोडून दिलेल्या मुलांवरून आलं, एवढं खरं आहे, नाकारत नाही. नेपल्सच्या अनुन्झियाता या सोडून दिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्थेच्या भिंतीत फिरतं लाकडी पिंप होतं. बाहेरून मूल त्यात ठेवून फिरवलं की आतली बाई ते उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नसे. या मुलांना एस्पोझितो हे आडनाव लागायचं. पण ठेवणारे सगळे अविवाहित होते, हे कुणी सांगितलं? रीतसर लग्न झालेली, पण पोटाला नसलेली जोडपीही त्यांत होती. काहीजण बाळासोबत पदकाचा किंवा नाण्याचा अर्धा तुकडा ठेवत, दिवस पालटल्यावर ओळख पटवून मूल परत नेता यावं म्हणून. नकोशा मुलासोबत कुणी खूण ठेवतं का? आणि खुद्द नेपल्समध्ये या मुलांना ‘मादोन्नाची (म्हणजे मदर मेरीची) लेकरं’ म्हणत. दोन वेळच्या भाकरीसाठी मूल दुसऱ्याच्या ओटीत घालणाऱ्या आईबापांवरून आज कुणाच्या घराण्याला बोल लावायचा, हे मला सहन होत नाही.

शिवाय हे कधीचं? नेपल्सवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा याचं राज्य होतं (१८०८ ते १८१५), तेव्हाच हे आडनाव लावायची प्रथा बंद झाली. शिल्पकार विन्चेन्झो जेमितो १८५२ साली याच पिंपात सापडला, पण एस्पोझितो झाला नाही. पिंपही १८७५ मध्ये बंद झालं. म्हणजे मूळ पुरुष साधारण आठ पिढ्या मागचा. तेवढं मागे गेलं की प्रत्येकाचे त्या एका पिढीतच २५६ पूर्वज भरतात. आडनाव त्यातल्या एकाचं. उरलेल्या २५५ जणांबद्दल ते काहीच सांगत नाही.

सर्वांत जास्त? नाही, देशात पहिला नंबर रॉस्सीचा. एस्पोझितो पहिल्या काहींत आहे, पण त्याचं माहेर नेपल्स आणि भोवतालचा कम्पानिया प्रांत. मिलानमध्ये अशा मुलांना कोलोंबो आडनाव मिळे, फ्लोरेन्समध्ये इन्नोचेन्ती.

एकच कूळ हे तर साफ चूक. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या असंख्य मुलांना वर्षानुवर्षं तेच आडनाव लावलं गेलं.

आणि ‘आजही देतात’ म्हणणाऱ्यांनी इटलीची २००० सालची नागरी नोंदणी नियमावली, कलम ३४, वाचावं. आईवडील अज्ञात असलेल्या मुलाला ते उघड करणारं नाव किंवा आडनाव देण्यास तिथे स्पष्ट मनाई आहे.