बाळ रडलं की सगळे बाळाकडे बघतात

बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणासारखं. आणि दोन हातांच्या अंतरावर आई पडलेली असते, तिच्या खालचं कापड भिजत असतं. कुणीतरी ते ओढून दुसरं सरकवतं, भिजलेलं बादलीत टाकतं. रक्त किती गेलं, कुणालाच ठाऊक नसतं.

खेड्यातल्या मातामृत्यूंचा विषय निघाला की 'बायका वेळेवर दवाखान्यात येत नाहीत' हे वाक्य ठरलेलं. मला त्याचा वैताग येतो. उशीर तीन ठिकाणी होतो: घरातून निघताना, वाटेत आणि पोचल्यावर. पहिल्यासाठी सासूला बोल लावता येतो, दुसऱ्यासाठी रस्त्याला. तिसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

२०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर गेल्या. सर्वांत मोठं कारण रक्तस्राव. गर्भपिशवी आवळली नाही तर धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. अर्धा लिटर ओलांडलं की धोका, हे शिकवलेलं असतं. पण मोजतात नजरेनं, आणि नजर बहुतेकदा कमीच सांगते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत एक साधी गोष्ट केली. बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची झोळी लावली. रक्त तिच्यात साठतं, आकडा समोर दिसतो. प्रमाण वाढलं की गर्भपिशवी चोळणं, इंजेक्शन, सलाइन, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, तपासणी, सगळं एकदम. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. २०२३ मध्ये निकाल आला: गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. (ती रुग्णालयं होती, एका नर्सच्या जिवावर चालणारा दवाखाना नव्हे, मान्य. पण झोळी लावायला सर्जन लागत नाही.)

इंजेक्शनची तर वेगळीच कथा. गर्भपिशवी आवळावी म्हणून टोचतात ते ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वीज दुपारभर जाते तिथं वहीत 'साठा उपलब्ध' असतो आणि कुपीतला दम केव्हाच गेलेला असतो. नर्सनं टोचलं, उपयोग झाला नाही, खापर नर्सवर. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टोलच्या गोळीला फ्रिज लागत नाही, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिनही आहे. तरी आधी सुचते ती नवी इमारत. फीत तिचीच कापता येते ना.

आता कुठं नव्या प्रसूतिगृहाचं कौतुक ऐकलं की खाटा किती हे मी विचारत नाही. वीज गेल्यावर फ्रिज कशावर चालतो आणि बाळंतिणीखाली काय लावता, एवढंच विचारायचं असतं.