‘अर्धंच नाटक दाखवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याला विष दिल्याचा आरोप झाला, त्या खटल्याचं नाटक आम्ही सोलापूरच्या एका वाड्यात करतो. त्यावरचा तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. मुख्य तक्रारी तीन: पाचशे रुपये देऊन अर्धंच नाटक दिसलं, आईंना जिना झेपला नाही, आणि ‘गुन्हेगार कोण ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही’. पहिल्या दोन शंभर टक्के मान्य. तिसरीचं मात्र तसं नाही.

एका खेळाला ३६ प्रेक्षक, बारा-बाराचे तीन गट. चौक, माजघर आणि माडी अशा तीन ठिकाणी एकाच वेळी प्रवेश चालतात, अठरा मिनिटांनी घंटा होते आणि गट जागा बदलतात. म्हणजे क्रम वेगळा असला तरी दिसायला सगळ्यांना सगळं दिसतं. शनिवारी अडलं ते माडीवर. जिना भिंतीतला, जेमतेम दोन फूट रुंद, दहा इंची चौदा पायऱ्या. बारा माणसं उतरायला चार मिनिटं लागतात, आम्ही धरली होती दोन. घंटा वाजवणारा सोप्यात (ओसरीत) बसतो, त्याला माडी दिसत नाही. त्यानं वेळेवर घंटा दिली. जिना मोकळा नसल्यानं आधीचा गट माजघरातच असताना तुमचा गट आत आला आणि बारा जणांच्या टेबलाभोवती चोवीस झाले. त्यात वेळ भरून काढायला महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांची साक्ष गाळली गेली. ती गाळायला नको होती. विष आणि हिरे कुठून आले हे तीच साक्ष सांगते.

तुम्ही म्हणता, ‘ग्लासात काही दिसलंच नाही’. बरोबर आहे. ९ नोव्हेंबर १८७४ ला बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, बाकीचं फेकलं आणि तळाशी गाळ दिसला. सोमल (आर्सेनिकचं विष) थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून गाळ. आम्ही पेल्यात चिमूटभर अभ्रकाची भुकटी टाकतो आणि खालून छोटा दिवा लावतो. ती चमक पहिल्या दोन ओळींनाच कळते. मागे फक्त खांदे. (तपासणीत हिऱ्याची पूडही निघाली. ती विष असते ही जुनी समजूत. काम केलं असतं ते सोमलानंच.)

आता शेवट. फेअर वाचले, त्यामुळे इथे खून नाहीच. पोस्टरवर खंजीर छापला ही आमची हौस. तो काढतोय, पेला टाकतोय. मल्हारराव गायकवाडांवरच्या १८७५ च्या चौकशी आयोगात सहा सदस्य होते. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे महाराज शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव या तिघांना नाही. तरीही ब्रिटिश सरकारनं मल्हाररावांना पदच्युत केलं, तेही गैरकारभाराच्या कारणावरून. आम्ही कुणाला दोषी ठरवून पडदा टाकला तर तो आमचा बनाव होईल. म्हणून शेवटी चौकात निकालाच्या चिठ्ठ्या तुमच्या हातात देतो.

‘सोलापूरचं काहीच नाही’ याचंही उत्तर देतो. वाडा इथला, खटला बडोद्याचा, हे देवडीवरच सांगतो. १९३० च्या मार्शल लॉचा खटला करा असं बरेच जण सुचवतात. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चौघे आपले हुतात्मे आहेत. त्यांना गुन्हेकथेच्या तिकिटावर बसवणार नाही.

बदल केले ते असे. माडीवरून बारा डोकी मोजून खाली आली की तिथला माणूस चौकातला कंदील लावतो, त्याशिवाय घंटा नाही. मधला वेळ पाच मिनिटं, त्यामुळे खेळ थोडा लांबेल. जिन्याला दुसरा कठडा बसत नाही, आणि माडीला माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) भार असल्यानं बारापेक्षा जास्त माणसं वर सोडणार नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी माडीचा प्रवेश सोप्यात पुन्हा करतो. आठ घडीच्या खुर्च्या ठेवल्यात. तिकीट घेताना एवढं कळवा, नाहीतर नट वरून खाली यायला वेळ जातो.

तुम्हा चौघांच्या जागा पुढच्या शनिवारी राखून ठेवल्या आहेत, पैसे द्यायचे नाहीत. पावणेसातला या, माजघरात पहिल्या ओळीत उभं करतो. आईंची खुर्ची टेबलाला लागूनच असेल.