भिंतीकडे तोंड केलेले काका

डोळा लालभडक, पापण्या सकाळी पाण्यानं भिजवून सोडवलेल्या. डोळे आलेत, हे निदान आरशानं केलंच होतं. पण ऑफिसला लाल डोळा चालत नाही, त्याबद्दलचा कागद लागतो. म्हणून दवाखान्यात जाऊन बसलो.

शेजारच्या काकांनी मला पाहिलं आणि खुर्चीसकट भिंतीकडे वळले. "गॉगल लावा आधी! नजरानजर झाली की संपलं," ते भिंतीला म्हणाले.

"काका, बघून लागण होत नाही. डोळे येतात ते बहुतेक वेळा अ‍ॅडिनोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे. तो हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, नळाची तोटी, असा फिरतो."

"हे सगळं मोबाइलवर वाचलेलं," असं भिंतीला कळवून त्यांनी पाठीमागे हात लांबवला. "जरा पेन द्या. फॉर्म भरायचाय."

पेन धरलेल्या हातानंच मी मघापासून डोळा टिपत होतो. म्हटलं, "पेन नका घेऊ, त्यालाही लागलं असेल."

"पेनाला काय डोळे असतात?"

यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. पेन गेलं. नाव झालं, पत्ता झाला, वयाशी काका अडखळले आणि विचार करता करता पेनाच्या टोपणानं त्यांनी डोळ्याचा कोपरा खाजवला. सावकाश, समाधानानं.

वर मला सल्ला: घरी कुणाचे तरी उरलेले थेंब असतील, ते घाला. त्यात स्टेरॉइड निघालं आणि दुखणं नागिणीच्या जातीच्या विषाणूचं असलं, तर बुबुळाची वाट लागते. पण भिंतीशी कोण वाद घालणार?

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. विषाणूवर ते चालतच नाही. थंड पट्ट्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब, लेन्स बंद, टॉवेल वेगळा. आठवडा-दोन आठवड्यांत जाईल. खूप दुखलं, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसलं, तर मात्र लगेच या. आणि हात साबणानं धुवा.

ते धुवायला बेसिनपाशी गेलो. वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत पोस्टर, खाली रिकामी साबणदाणी. पोस्टर छापायला पैसे होते म्हणायचे! रिसेप्शनवर विचारलं, तर "संपलाय" असं उत्तर आलं, जणू मीच खाल्ला.

परतताना काकांनी, अजून पाठमोरेच, पेन पुढे केलं.

"राहू द्या तुम्हालाच," मी म्हटलं.

"छे छे! आजारी माणसाची वस्तू मी घेत नसतो."