कागद वर जातो, घरी येत नाही

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे टेक्सासच्या सुट्टीत मला माहेरच्या शाळेचा पहिला आठवडा हमखास सापडतो. दारव्हा तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. वहिनी दुसरीला शिकवते. यंदा पहिल्याच दिवशी तिच्या हातात खडूच्या आधी मोबाईल आला. "ताई, पोट्टे इचारतात, मॅडम आज शिकवून राह्यल्या का फोटो काढून राह्यल्या?"

'आम्हाला शिकवू द्या', म्हणजे फोटो-माहितीची कागदी कामं कमी करा, ही इकडच्या शिक्षकांची मागणी मी दुरून वाचत असते. त्याखाली कुणीतरी हटकून लिहितं, अमेरिकेत बघा, तिथे शिक्षक फक्त शिकवतात. मी २०१४ पासून डॅलसजवळच्या एका सरकारी शाळेत विशेष शिक्षिका आहे, म्हणजे दिव्यांग किंवा शिकताना अडचण येणाऱ्या मुलांना शिकवते. माझे रविवार कशात जातात ते या लोकांना एकदा दाखवायला हवं.

मुलाला विशेष शिक्षण लागेल का, या तपासणीला पालकांनी सही दिली की टेक्सासमध्ये शाळेचे ४५ दिवस मोजले जातात. तेवढ्यात अहवाल तयार हवा. पुढच्या ३० दिवसांत बैठक, तिला आम्ही 'आर्ड' म्हणतो. तिची लेखी सूचना पालकांना किमान पाच शालेय दिवस आधी द्यायची. बैठकीत त्या एका मुलाचा आराखडा ठरतो: आज तो कुठे आहे, वर्षभरात कुठवर जाईल, वाचाउपचार आठवड्याला किती मिनिटं, परीक्षेत वेळ किती जास्त. दरवर्षी नवा आराखडा, दर तीन वर्षांनी फेरतपासणी. मूळ केंद्रीय कायदा १९७५ चा, पण पानं वाढतच चालली आहेत. माझ्या हातचा एखादा आराखडा पंचवीस पानांचा होतो, आणि त्यातली काही वाक्यं मागच्या वर्षीच्या दुसऱ्याच मुलाची असतात. लाज वाटते, पण खरं आहे.

तरी हा कागद मला टाकवत नाही. दोन वर्षांपूर्वी लाँड्रीत काम करणारी एक आई मळक्या फाईलसकट बैठकीला आली. दुभाषी शाळेनंच आणलेला. पानावर बोट ठेवून ती म्हणाली, इथे तीस मिनिटं लिहिलीत, माझ्या मुलाला वीसच मिळतात. प्राचार्यांचा चेहरा उतरला. पुढच्या सोमवारपासून तीस मिनिटं सुरू झाली, कारण ती तोच कागद घेऊन सुनावणीला जाऊ शकते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कागद नुसता वरच्यांसाठी असला की काय होतं, तेही टेक्साससारखं दुसरीकडे क्वचितच दिसेल. २००४ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं शालेय जिल्ह्यांच्या (तिथे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या) कामगिरीचा एक निकष ठरवला: विशेष शिक्षणातली मुलं साडेआठ टक्क्यांच्या आत. देशाची सरासरी तेव्हा तेराच्या आसपास होती. जिल्ह्यांनी आकडा सांभाळला आणि हजारो मुलं दाराबाहेर राहिली. २०१६ मध्ये वर्तमानपत्रानं ते उघडकीला आणलं, २०१७ मध्ये विधिमंडळानं असा निकष बेकायदा ठरवला. मी नोकरीला लागले तेव्हा आम्हाला 'आधी थोडं थांबून बघू' असं म्हणायची सवय होती. ती सवय कुठून आली हे मला नंतर कळलं.

वहिनीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला कमी ऐकू येतं, शेवटच्या बाकावर बसतो. यू-डायस या देशभरच्या शाळांच्या सरकारी माहितीत त्याच्या नावापुढे रकाना भरलेला आहे, म्हणजे दिल्लीला तो ठाऊक आहे. त्याच्या आईकडे मात्र त्याच्याबद्दलचा एक चिटोराही नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यवतमाळला जायचं, तर निंदणाच्या दिवसांत दोन रोज बुडतात. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली निघालं तर बऱ्याच सवलती तिथेच संपल्या. गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिका येतात, मनापासून शिकवतात, आणि दुसऱ्या शाळेकडे निघतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलंय, हे ऐकून वहिनी नुसती हसली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, एकवीस प्रकार त्यात मोजलेत. पण त्याच्या आधारानं भांडायला त्या बाईच्या हातात काय आहे?

म्हणून 'कागद कमी करा' या मागणीला मी अर्धाच हात वर करते. फोटो, लिंका, तीच माहिती तीन ठिकाणी भरणं, हे सगळं खुशाल जाळा. पण वर जाणारा एक कागद कमी केलात, तर त्याच्या बदल्यात घरी जाणारा एक सुरू करा.

मी निघायच्या आधी वहिनीनं आणि मी वहीच्या पानावर पाच ओळी लिहिल्या. पहिल्या बाकावर, फळ्याच्या उजवीकडे बसवायचं. बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवायचं. पाढे तोंडी न विचारता लिहून घ्यायचे. दर शनिवारी आईला दहा मिनिटं. दिवाळीनंतर पुन्हा बघायचं. खाली वहिनीची सही. आईला वाचता येत नाही. तिनं मोठ्या पोरीकडून दोनदा वाचून घेतलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

मुख्याध्यापकांकडे शिक्का मागितला तर ते म्हणाले, "ताई, शिक्का मारला का ते माह्या अंगावर येते."

माणूस वाईट नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाक उचलून पुढे ठेवला. शिक्का अजून मारलेला नाही. परवा वहिनीचा फोन होता: मुलाची आई शनिवारी आली, पिशवी उघडली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून बसली. ती ओळ तिनं पोरीकडून पाठ करून घेतली होती.