हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल 'नॉर्मल'? आधी हिशोब तरी करा

मामांनी परवा एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली लिहिलं, "बघ, उगाच घाबरवत होतास." त्यांची गाडी जेमतेम तीन वर्षांची, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल गायब होतंय, मी मागे लागलो होतो की अधूनमधून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघत जा, आणि ते बघतही होते. हे फॉरवर्ड वाचलं आणि बघणं बंद. म्हणून लिहायला बसलो, एरवी असल्या गोष्टींना उत्तर देत बसायचा मला कंटाळा आहे.

ज्यांच्यापर्यंत ते अजून पोचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिहिणारा म्हणतो मी डीलरकडे आयुष्य काढलंय, त्यामुळे ऐका. आजकालच्या सगळ्या गाड्या ऑइल खातात, हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत नॉर्मल, कंपनीच्या पुस्तकातच छापलंय. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लागत नाही तोवर बॉनेट उघडू नका, डिपस्टिक बघणं ही जुन्या लोकांची सवय. सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही म्हणजे ऑइल जळत नाही, नुसतं उडून जातं. फारच वाटलं तर जाड ऑइल भरा. गाडी नवीन असेल तर आपोआप थांबेल. आणि शेवटी ठळक अक्षरात, डीलरशी वाद घालू नका, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

दिव्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर खिशाला चाट बसेल, या एका मुद्द्याने इंजिन बसेल.

तो लाल झारीचा दिवा ऑइल किती उरलंय ते सांगतच नाही. तो प्रेशरचा दिवा आहे. इंजिनमध्ये ऑइल जिथून फिरतं तिथे एक साधा स्विच बसवलेला असतो, प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली आलं की तो दिवा पेटवतो. चालत्या गाडीत हे प्रेशर दोन-चार बार तरी असतं. आता विचार करा, ते इतकं खाली कधी येईल? इंजिन आणि पंप नीट असतील तर बहुतेक वेळा तेव्हाच, जेव्हा खालच्या चेंबरमध्ये ऑइल इतकं कमी झालेलं असतं की पंप ऑइलऐवजी हवा ओढायला लागतो. आणि हे एकदम होत नाही, आधी वळणावर होतं, जोरात ब्रेक मारला की होतं, चढावर होतं, कारण उरलंसुरलं ऑइल एका बाजूला सरकतं. दिवा क्षणभर लुकलुकतो आणि जातो आणि माणूस म्हणतो वायरिंग लूज असेल. त्या क्षणभरात क्रँकच्या बेअरिंगमध्ये जो काही मायक्रॉनचा ऑइलचा थर असतो तो फाटलेला असतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर आणखी वाईट, त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तो फक्त ऑइलवर तरंगत असतो.

म्हणजे फॉरवर्ड काय सांगतंय, तर धूर दिसेपर्यंत गॅस बंद करू नका.

हो, काही गाड्यांमध्ये लेव्हलचा वेगळा सेन्सर असतो, पिवळा दिवा लागतो किंवा स्क्रीनवर मेसेज येतो, आणि काही नवीन गाड्यांमध्ये तर डिपस्टिकच दिलेली नाही, लेव्हल स्क्रीनवरच बघायची. ते मान्य. पण तुमच्या गाडीत तो सेन्सर आहे की नाही हे मॅन्युअल उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही, तिथे सरसकट "दिवा" म्हटलंय. लाल दिवा लागला तर सर्व्हिस सेंटरला फोन वगैरे नंतर, आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता त्यांचे पहिले दोन मुद्दे एकमेकांशेजारी ठेवा आणि हिशोब करा, मला तर हे वाचून हसावं की रडावं कळेना. साध्या चार सिलिंडरच्या गाडीत साधारण चार लिटर ऑइल बसतं. डिपस्टिकवरच्या मिन आणि मॅक्सच्या खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास. हजाराला लिटर "नॉर्मल" म्हणता ना, मग काठोकाठ भरलेली गाडी पहिल्या हजारातच मिनवर आली. दोन हजारांना अर्धं ऑइल संपलं. चार हजारांना इंजिन कोरडं, अर्थात तिथपर्यंत ते पोचणारच नाही. आणि सर्व्हिस कितीला? दहा हजारांना! म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये दहा लिटर टॉप-अप, गाडीत मावतं त्याच्या अडीच पट. तर एकतर हजाराला लिटर हे नॉर्मल नाही, नाहीतर दर काही दिवसांनी डिपस्टिक बघणं भाग आहे. हे महाशय म्हणतात दोन्ही नको.

बरं, पुस्तकात छापलंय हे खोटं नाही, हे कबूल करावं लागेल. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा एक लिटरपर्यंत असं वाक्य असतं. पण त्याच पानावर आणखीही काही असतं जे फॉरवर्ड करणारा वाचत नाही: ही कमाल मर्यादा आहे, नवीन इंजिनमध्ये किंवा सतत वेगात आणि लोडवर चालवलं तर खप वाढतो, आणि म्हणून लेव्हल नियमित तपासा, इंधन भरताना तपासा. तपासायची जबाबदारी तुमच्यावर टाकण्यासाठीच ते वाक्य आहे! शिवाय ही मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणी हजार किलोमीटरला लिटर म्हणतं, कुणी अमेरिकेत बाराशे मैलांना एक क्वार्ट (लिटरपेक्षा किंचित कमी) म्हणतं, म्हणजे साधारण हजार किलोमीटरला अर्धा लिटर. पिस्टन आणि त्याभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या रिंगा सगळीकडे त्याच तत्त्वावर चालतात, मग आकडा दुप्पट कसा? कारण हा आकडा वॉरंटीचा आहे. याच्या पलीकडे गेलं तर आम्ही बघू, अलीकडे असेल तर तुमचं तुम्ही बघा, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन ठणठणीत आहे असा त्याचा अर्थ कुणीही लिहून दिलेला नाही.

आणि "सगळ्याच गाड्या खातात" हे तर सपशेल चूक. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१५ मध्ये यावर मोठा रिपोर्ट काढला होता, २०१० ते २०१४ मॉडेलच्या जवळपास पाच लाख गाड्यांच्या मालकांची माहिती घेऊन. त्यातल्या सुमारे ९८ टक्के गाड्यांना दोन ऑइल चेंजच्या मध्ये ऑइल घालावंच लागलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव टक्के! जे खात होतं ते ठरावीक इंजिनांमध्ये, ऑडीचं २.० टर्बो, बीएमडब्ल्यूचं ४.४ व्ही८, सुबारूची काही इंजिनं, अशी नावं घेऊन त्यांनी लिहिलं. तो सर्व्हे जुना आहे, तिकडचा आहे, सगळं मान्य, पण ज्या काळातल्या गाड्यांबद्दल डीलर "नॉर्मल आहे" म्हणत होते त्याच काळातला आहे. सगळ्याच गाड्यांचा तो स्वभाव असता तर शंभरातल्या दोघांनाच कसा सापडला?

"कंपनीला माहीत असतं तर त्यांनीच सांगितलं असतं," हे मामांचं वाक्य, फॉरवर्डमधलं नाही, पण उत्तर देतोच. टोयोटाच्या २एझेड-एफई इंजिनचं उदाहरण घ्या, कॅमरी आणि आरएव्ही४ मध्ये असायचं. टोयोटासारखी कंपनी, जिच्या इंजिनांची लोक शपथ घेतात. ऑइल खातंय म्हणून तक्रारी आल्या, २०११ मध्ये कंपनीने डीलरांना टेक्निकल बुलेटिन पाठवलं की पिस्टनची रचना बदलली आहे, टेस्टमध्ये बाराशे मैलांना क्वार्टच्या वर खप दिसला तर नवीन पिस्टन आणि रिंगा टाका. आता ज्याची गाडी त्या आकड्याच्या किंचित आत राहिली त्याला काउंटरवर काय सांगितलं असेल? नॉर्मल आहे! पिस्टन तोच जुना, दोष तोच. सुबारूवर तर अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन खटला भरला आणि २०१६ च्या समझोत्यात फॉरेस्टर, इम्प्रेझा वगैरे ठरावीक मॉडेल्सची इंजिन वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांवरून आठ वर्षं किंवा एक लाख मैलांवर न्यावी लागली. सगळं नॉर्मल होतं तर वॉरंटी कशाला वाढवली?

निळ्या धुराचं बघू. हजाराला लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिली. तेवढ्याच अंतरात पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सहासष्ट-सदुसष्ट मिली पेट्रोल जाळते. त्या सगळ्यात मिसळलेलं एक मिली ऑइल, वर धूर स्वच्छ करणारा गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर दिसणार कुठून? दिसलाच तर सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपका, तोही रात्रभरात वॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलचा. धूर दिसायला लागला म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलंय. आणि "उडून जातं" म्हणजे जातं कुठे हो? पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत फिरवणाऱ्या, नळीतून परत इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) आणि तिथून सिलिंडरमध्ये, म्हणजे जळतंच. त्या ऑइलमधलं फॉस्फरस कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतं, डिझेल असेल तर राख डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि ती रीजनने (फिल्टरमधली काजळी जाळून साफ करण्याने) जळत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळीच गंमत. रीजन अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. त्यामुळे "माझ्याकडे लेव्हल हलतच नाही" हे ऐकून मी लगेच खूश होत नाही, पट्टीला डिझेलचा वास येतोय का ते विचारतो.

जाड ऑइल. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनमध्ये २०डब्ल्यू-५० सारखं जाड ओता म्हणे. खप थोडा कमी दिसेल, हो, जाड ऑइल रिंगांच्या फटीतून कमी निसटतं. पण अडकलेली ऑइल रिंग त्याने सुटत नाही, थंड स्टार्टला वरपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, वॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते ती गोंधळते, आणि उद्या वॉरंटीत भांडायला गेलात की पहिला प्रश्न येईल, ऑइल कुठलं टाकलं होतं? झालं, तुमची केस तिथेच संपली. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाडसर घ्या, त्याच्या बाहेर जाऊ नका. बाटलीतल्या जादूच्या औषधांबद्दल बोलतच नाही.

नवीन गाडीत आपोआप थांबतं हे अर्धं खरं. रिंगा बसेपर्यंत सुरुवातीचे काही हजार किलोमीटर थोडं जास्त जाऊ शकतं. तीन वर्षांनंतर काय बसायचं राहिलंय? उलट लेव्हल कमी असली की उरलेलं ऑइल जास्त तापतं, लवकर खराब होतं, काजळी रिंगांच्या खाचेत बसते आणि रिंग आणखी अडकते.

राहिला डीलर. तो चोरच असतो असं मी म्हणत नाही. काउंटरवरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने तुमचं इंजिन उघडून पाहिलेलं नसतं, वॉरंटीत काम काढायचं तर कंपनीची मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी आकडा लागतो, म्हणून तो स्क्रीनवरचं वाक्य वाचून दाखवतो. मग आकडा द्या त्याला. सपाट जागा, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटं थांबायचं, पट्टी पुसायची, पुन्हा घालून काढायची, फोटो घ्यायचा, शेजारी ओडोमीटरचा फोटो. किती मिली टाकलं ते लिहायचं, ऑइलची बिलं ठेवायची. तक्रार तोंडी करू नका, जॉब कार्डवर "ऑइल जास्त खाते" हे शब्द लिहून घ्या, किलोमीटरसकट, कारण वॉरंटी संपल्यावर "तुम्ही आधी सांगितलंच नाही" हे हमखास ऐकायला मिळतं. आणि ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा. त्यात मॅक्सपर्यंत भरून ड्रेन बोल्ट, फिल्टर, डिपस्टिक सगळ्याला सील किंवा खूण करतात, ठरलेले किलोमीटर चालवून परत आणायला सांगतात आणि किती कमी झालं ते मोजतात. सुरुवातीची लेव्हल तुमच्यासमोर दाखवायला सांगा, आणि मोजलेला आकडा लेखी घ्या. "स्पेसिफिकेशनमध्ये आहे" हे उत्तर घेऊन परत येऊ नका, किती मिली ते विचारा. टेस्ट चालू असताना लेव्हल मिनच्या खाली गेली तरी टॉप-अप करू नका, दिवा लागला की या, असं कुणी म्हणालं तर तेही त्याच जॉब कार्डवर सहीनिशी लिहून मागा.