क्रॅकच्या टोकाला स्ट्रेस किती म्हणे!

आज परत तेच. साखर कारखान्याच्या मिलचा रोलर शाफ्ट, जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) फिलेटला, म्हणजे गोलाई दिलेल्या कोपऱ्याला क्रॅक, आणि फायनाइट एलिमेंटच्या (कॉम्प्युटरवर स्ट्रेस काढायच्या पद्धतीच्या) रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लालभडक चित्र: 'मॅक्सिमम स्ट्रेस 2140 एमपीए, सबब शाफ्ट नापास.' अरे, कुठल्या मेशला, म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडणाऱ्या कुठल्या जाळीला 2140? इलॅस्टिक मॉडेलमध्ये क्रॅकच्या टोकाला आकडा कुठे थांबतच नाही. एलिमेंट निम्मा करा, साधारण 1.4 पट होतो. उद्या तीन हजार दाखवाल, परवा चार. हे सांगितलं तर उत्तर काय? "सर, मेश अजून बारीक करून पाठवतो." करा बाबांनो, करा!

बरं, तो क्रॅक तरी आहे का? कॅडमध्ये 1 मिमी रुंदीची चौकोनी खाच मारलीय आणि वर चार नोडचे (जोडबिंदूंचे) टेट्रा, म्हणजे सगळ्यात साधे एलिमेंट ओतलेत. क्रॅकचे दोन पृष्ठभाग एकाच जागी असतात, अंतर शून्य, नोड मात्र वेगळे. फक्त फ्रंटवर, म्हणजे क्रॅकच्या आतल्या कडेवर एकत्र येतात. त्या फ्रंटभोवती मेशची नळी ओढायची. पहिल्या रिंगला 20 नोडच्या ब्रिकची (विटेसारख्या एलिमेंटची) एक बाजू चेपायची, मधले नोड टोकाकडे पाव अंतरावर सरकवायचे. हे 1975-76 पासून माहीत आहे, काल निघालेलं नाही. बाहेर अजून चार-पाच रिंगा, आणि मग घाला काय टेट्रा घालायचे ते. जे-इंटिग्रल (क्रॅक पुढे ढकलणाऱ्या ऊर्जेचं माप) फ्रंटभोवतीच्या पाच कंटूरवर, म्हणजे वळशांवर काढा, पहिला सोडून द्या. उरलेले एक-दोन टक्क्यांत जुळत नसतील तर मेश मोडा.

एवढं सगळं केल्यावर एखादा उत्साही गडी शेवटी 'डुप्लिकेट नोड मर्ज' दाबतो. झालं! तडा सांधला, वेल्डिंगशिवाय. सॉल्व्हर मुकाट पळतो, कुठे एरर म्हणून नाही. फुगवून डिफॉर्म्ड शेप बघितला तर कळतं. बघतो कोण?

आणि युनिटं! मॉडेल मिमी-न्यूटनमध्ये, मटेरियलचा डेटा मीटरमध्ये. के (क्रॅकच्या टोकाच्या स्ट्रेसची तीव्रता) 900 आला, टफनेस (मटेरियल सोसू शकतं तेवढा के) 60, म्हणजे फुटणार, म्हणून बोंब. हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे 31.6 ने भागा की राव, 28 राहतो. शाफ्ट फिरतोय, अर्ध्या फेरीत क्रॅक मिटतो, पण मॉडेलमध्ये तिथे कॉन्टॅक्ट (पृष्ठभाग एकमेकांना अडतील अशी अट) नाही. पृष्ठभाग एकमेकांतून आरपार, के-वन (क्रॅक उघडणारा के) उणे, आणि तोही टेबलात दिमाखात छापलेला.

एक्सएफईएमवाले, म्हणजे क्रॅक मेशमध्ये न ओढता गणितात घालणारे, तर बोलूच नका. "मेशची कटकटच नाही सर!" फ्रंटजवळ एलिमेंट बारीक लागतातच, वर फ्रंटभर के करवतीच्या दात्यांसारखा खालीवर.

असो. इतका थयथयाट करून रात्री भडंगाचा पुडा फोडून ती नळी ओढायला बसणार कोण, ते घरात सगळ्यांना पाठ आहे. बीपीची गोळी त्यांनी आधीच कीबोर्डशेजारी ठेवलीय.

पण बसून करायचं काय? इकडे सांगली पट्ट्यात हंगाम तोंडावर, आणि कारखान्याचा फोन: "सायेब, शाफ्ट चालंल का न्हाय, एवढंच सांगा." प्रश्न रास्त आहे. क्रॅकची खोली किती? "डाय पेनिट्रंटचा फोटो पाठवलाय की." त्या रंग मुरवून केलेल्या चाचणीत पृष्ठभागावरची 40 मिमी लांबी दिसते. खोली 5 का 18, देव जाणे. खोली सांगणारी अल्ट्रासॉनिक चाचणी केलेलीच नाही. मग त्या 2140 वाल्या मॉडेलमध्ये खोली कुठून आली?

"अंदाजे 10 धरली सर, राउंड फिगर."