अ‍ॅप नंतर वाचवा, आधी त्याखालची लायब्ररी वाचवा

सेलफिश ओएस ही फोनची सिस्टीम वापरणारी माणसं जगातच मोजकी. आपल्याकडे तर दिवा घेऊन शोधावी लागतील. अशा फोनांसाठी सिग्नल या सुरक्षित चॅट सेवेचं वेगळं अ‍ॅप फुकटात लिहायचं, ते बंद पडलं की पुन्हा उभं करायचं, हा उद्योग लोक का करतात, असं एका मित्राने परवा विचारलं. त्याच्या स्वरात कौतुक नव्हतं. कमेंटमध्ये मावणारं उत्तर नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडा इतिहास. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी घरोबा केला आणि मीगो ही स्वतःची लिनक्सवर बेतलेली सिस्टीम वाऱ्यावर सोडली. एन-९ हा तिचा देखणा फोन बाजारात येण्याआधीच पोरका झाला. नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी त्याच वर्षी फिनलंडमध्ये योल्ला ही कंपनी काढली, २०१३ च्या अखेरीस स्वतःचा फोन आणला. त्यातली सिस्टीम म्हणजे सेलफिश. ती भारतातही येऊन गेली बरं का! २०१६ मध्ये इंटेक्सचा अ‍ॅक्वा फिश नावाचा फोन आला होता, किंमत ५,४९९ रुपये. आला कधी आणि गेला कधी, बहुतेकांना कळलंही नाही.

या सिस्टीमवर सिग्नलचं अधिकृत अ‍ॅप कधीच नव्हतं. अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालवायची सोय आहे, पण अँड्रॉइडच चालवायचं तर मग एवढा खटाटोप कशाला? ती पोकळी भरायला व्हिस्परफिश आलं. पहिली आवृत्ती एका माणसाने गो भाषेत लिहिली. तिच्या पोटात सिग्नलच्या सर्व्हरशी बोलणारी टेक्स्टसिक्युअर नावाची गो लायब्ररी (कुठल्याही प्रोग्रामला आत वापरता येणारा तयार कोड) होती, आणि तीही मुळात दुसऱ्या एका एकट्या माणसाचीच. उबंटू टच या लिनक्सवरच्याच दुसऱ्या फोन सिस्टीमवरच्या सिग्नल क्लायंटचा (म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या फोनमधल्या प्रोग्रामचा) पायाही हीच लायब्ररी. म्हणजे मोबाइल लिनक्सवरचे दोन वेगळे समाज, दोन वेगळी अ‍ॅप्स, आणि भार सगळा एकाच खांबावर. पुढे सिग्नल बदलत गेलं, लायब्ररी मागे पडली आणि दोन्हीकडे एकाच वेळी रड सुरू झाली.

इथे 'मागे पडणं' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. कॅल्क्युलेटरचं अ‍ॅप दहा वर्षं कुणी हात लावला नाही तरी बेरीज बरोबरच करतं. चॅटचं तसं नाही. सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचा आणि तो रोज थोडा बदलतो. २०१८ मध्ये सिग्नलने निरोप कुणी पाठवला हे सर्व्हरपासूनही लपवायची सोय आणली. २०२० मध्ये ग्रुपची रचना मुळापासून बदलली: ग्रुपमध्ये कोण आहे हे सर्व्हरला कळत नाही, तरी येणारा माणूस सदस्य आहे एवढं मात्र गणिताने पडताळता येतं. कल्पना अफाट आहे. पण जुन्या क्लायंटला या नव्या ग्रुपमधलं काहीच उमगत नाही. सिग्नलचं स्वतःचं अ‍ॅपसुद्धा साधारण ९० दिवस अपडेट केलं नाही तर चालेनासं होतं, मग बाहेरच्यांची काय कथा.

शिवाय असं अ‍ॅप एका झटक्यात बंद पडत नाही, अर्धवट चालत राहतं. एखाद्याचे निरोप येतात, एखाद्या ग्रुपचे येत नाहीत, आणि समोरच्याला वाटतं तुम्ही वाचून उत्तर देत नाही आहात. त्यापेक्षा सरळ एरर आलेली बरी.

व्हिस्परफिश पुन्हा उभं राहिलं ते दुसऱ्या लोकांनी हातात घेऊन रस्ट भाषेत नव्याने लिहायला घेतलं तेव्हा. 'पुन्हा पहिल्यापासून लिहू' हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. दहापैकी नऊ वेळा तो प्रोग्रामरचा हट्ट असतो, जुना कोड वाचायचा कंटाळा असतो. इथे मात्र निर्णय शंभर टक्के बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. नव्या ग्रुपमागचं अवघड गणित सिग्नलने स्वतःच रस्टमध्ये लिहिलं होतं, आणि पुढे त्यांची एन्क्रिप्शनची मूळ लायब्ररीही रस्टमध्येच आली. गो भाषेला चिकटून राहायचं तर ते गणित स्वतः पुन्हा लिहा किंवा दोन भाषांमध्ये जोडकाम करत बसा. क्रिप्टोग्राफी फावल्या वेळात घरी लिहायची गोष्ट नव्हे.

पण त्याहून मोठं शहाणपण दुसरंच होतं. सिग्नलच्या सर्व्हरशी बोलायचा भाग त्यांनी अ‍ॅपमध्ये गाडून न टाकता वेगळ्या लायब्ररीत काढला. त्या लायब्ररीवर प्रिसाज नावाची आणखी सोपी लायब्ररी उभी राहिली, तिच्यावर लिनक्सच्या नोम डेस्कटॉपसाठी फ्लेअर आलं, टर्मिनलवाल्यांसाठी, म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करून काम करणाऱ्यांसाठी, गर्क आलं. उबंटू टचच्या सिग्नल क्लायंटने, म्हणजे अ‍ॅक्सोलॉटलनेही आपल्या गो कोडशेजारी रस्टचा तुकडा बसवला. खांब आजही एकच आहे, पण आता त्याला हात लावणारे लोक वेगवेगळ्या घरांतून येतात. सेलफिश उद्या बुडालं तरी ही मेहनत वाया जाणार नाही. मित्राच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हेच.

हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. सेलफिशमधलं क्यूटी, म्हणजे पडदे आणि बटणं बनवायचं साधन, २०१६ च्या ५.६ आवृत्तीवर अडकून बसलं, कारण त्यापुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला आणि त्याच्या अटी योल्लाला चालणाऱ्या नव्हत्या. तिकडे सिग्नलच्या लायब्ररीला मात्र रस्टचा ताजा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) हवा असतो, आणि सेलफिशमधला बराच मागे असायचा. एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात स्पोर्ट्स शूज घालून पळायचं म्हणा ना. कॉलची सोय वर्षानुवर्षे नव्हती, म्हणून लोक शिव्या घालायचे. शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवला, ते विचारू नका.

आता दुसरी बाजू. सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की बाहेरच्या क्लायंटनी आमचं नाव आणि आमचे सर्व्हर वापरलेले आम्हाला नकोत. तेव्हा सिग्नलच्याच कोडवरून बाहेरच्यांनी केलेल्या लिब्रसिग्नल नावाच्या प्रकल्पावरून मोठी खडाजंगी झाली होती. त्यांचं म्हणणं असं की शंभर क्लायंट झाले की एकही सुधारणा झटपट करता येत नाही, ईमेलसारखं सगळं जुन्यातच अडकून पडतं. मला हे अर्धं पटतं. ग्रुपची रचना २०२० मध्ये एवढ्या वेगाने बदलता आली, ती सगळी सूत्रं एका हाती होती म्हणूनच. पैशाचंही आहे. पडताळणीच्या एसएमएसवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असं सिग्नलने २०२३ मध्ये सांगितलं, आणि ते चालतं देणग्यांवर. आपण त्यांच्या सर्व्हरवर फुकट बसतो, तर थोडी लाज बाळगायला हवी.

न पटणारा अर्धा भाग असा, की आपला कोड उघडा ठेवायचा आणि तो घेऊन कुणी दुसऱ्या सिस्टीमवर अ‍ॅप केलं की नाक मुरडायचं, हे फार काळ टिकत नाही. व्यवहारात या छोट्या क्लायंटकडे सिग्नलने बहुतांशी कानाडोळाच केला आहे. नाक मुरडण्याऐवजी सर्व्हरमध्ये मोठा बदल करण्याआधी चार महिने जाहीर सूचना दिली तरी पुरे.

आणि हे वापरणाऱ्यांसाठी, जरा गंभीरपणे. दोन टोकांमधला प्रवास कितीही सुरक्षित असला तरी टोक म्हणजे तुमचं अ‍ॅप. व्हिस्परफिश निरोपांचा डेटाबेस एन्क्रिप्ट करून ठेवतं, कोड उघडा आहे, माणसं सज्जन आहेत. पण सिग्नलकडे असलेला पगारी चमू इथे नाही. ज्या पत्रकाराच्या फोनवर एखाद्या खबऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याला मी हे अ‍ॅप सुचवणार नाही. मला स्वतःला चालतं. माझ्या गप्पांमध्ये मिसळ कुठली झणझणीत, यापलीकडे फारसं गुपित नसतं.

आपल्या देशात हा विषय फक्त हौसेचा उरलेला नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा मेसेजिंग अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात एलिमेंट आणि ब्रायर ही ओपन सोर्स अ‍ॅप्सही होती. एलिमेंट ज्या मॅट्रिक्स प्रोटोकॉलवर (निरोपांच्या देवाणघेवाणीच्या खुल्या नियमांवर) चालतं त्याचे इतर क्लायंट त्या यादीत नव्हते. यादीत अ‍ॅपचं नाव टाकता येतं, लायब्ररीचं टाकून काय करणार?

तेव्हा रस्ट येत असलेल्या पुण्या-मुंबईच्या आणि बाहेरच्याही पोरापोरींना एकच सांगणं: शनिवार-रविवारी 'सगळ्यात सुरक्षित देशी चॅट अ‍ॅप' शून्यापासून सुरू करायची खुमखुमी आली, तर आधी सिग्नलच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या या रस्ट लायब्ररीचे न सुटलेले इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, वाचा. एखादी टेस्ट लिहा. डॉक्युमेंटेशनमध्ये जिथे तुम्ही अडकलात तिथलं वाक्य दुरुस्त करून पाठवा. नाव कुठे झळकणार नाही, इंटरव्ह्यूत मात्र नक्की सांगता येईल.